ड्रॉइंगमध्ये नसलेली वायर

निळी वायर एबो क्वान्साने स्वतःच्या हाताने कापली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी घाई केली नव्हती. उलट एका माणसाने नको म्हटलं होतं. पुढे त्याने मनातल्या मनात ती पक्कड कितीदा तरी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन पाहिली, पण हात दर वेळी त्याचाच निघायचा.

आमच्या तेमा बंदरातल्या कापड गिरणीत छपाईचं एक यंत्र आहे. एबोपेक्षा चार वर्षांनी थोरलं. कामगार त्याला म्हातारी म्हणतात. सहा रंगांचे सहा रोलर, आणि सगळ्यांना एका तालात फिरवणारा, खालून गेलेला एकच लांबलचक शाफ्ट. तो शाफ्ट झिजला तसे रंग जागेवरून सरकायला लागले. पाकळ्या फुलाबाहेर, कोंबड्याचा तुरा शेपटीवर. बाजारातल्या बायका कापड उलगडून बघायच्या, नाक मुरडायच्या आणि जहाजाने आलेलं स्वस्त कापड घेऊन जायच्या. शेवटी गिरणीने ठरवलं की शाफ्ट काढून टाकायचा आणि प्रत्येक रोलरला स्वतःची सर्व्हो मोटर द्यायची. या मोटरी मोठ्या हुशार. सांगाल तिथे, सांगाल तेवढ्याच फिरतात, केसभर इकडेतिकडे नाही. पण त्यांना हुकूम सोडणारा कंट्रोलर मात्र तोच ठेवायचा होता, राखाडी कपाटातला, चाळीस वर्षांचा. त्याच्या पोटातला प्रोग्राम कुणाकडे लिहून ठेवलेला नव्हता आणि लिहिणारा माणूस आता कुठल्या देशात आहे, आहे की नाही, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. थोडक्यात, सहा नव्या सुना एका जुन्या सासूच्या हाताखाली नांदवायच्या होत्या. गिरणीचा इंजिनियर म्हणून हे काम एबोकडे आलं.

काम त्याने चोख केलं, हे आधी सांगायला हवं. चार महिने तो त्या कपाटासमोर मांडी घालून बसला. एकेक वायर शोधली, तिला नंबर दिला, ड्रॉइंगशी ताडून पाहिली. फेब्रुवारीत सगळं जुळलं आणि एकच वायर उरली. निळी, बिननंबरची, कपाटाच्या मागच्या भिंतीवरून एका छोट्या रिलेकडे गेलेली.

"ही कुठली?" त्याने विचारलं.

"माझी," वोफा एसुमान म्हणाले.

वोफा म्हणजे मामा. क्वाव एसुमान त्याचे सख्खे मामा नव्हते, पण आईच्या गावचे होते आणि आई त्यांना भाऊ म्हणायची. म्हातारीवर ते एकतीस वर्षं उभे होते. चौदा वर्षांपूर्वी एबोला हाताला धरून गिरणीत आणलं ते त्यांनीच. त्याने गिरणीची गाडी मागे घेताना फाटकाचा खांब पाडला तेव्हा साहेबांपुढे त्याच्यासाठी बोलायला तेच गेले, आणि सासऱ्याशी भांडण करून बसला तेव्हाही तेच. आमच्याकडे माफी एकट्याने मागत नाहीत. आपल्यासाठी बोलणारं कुणीतरी वडीलधारं पुढे लागतं, आपण मागे मान खाली घालून उभं राहायचं. एबोच्या पुढे आजवर नेहमी वोफांचीच पाठ असायची.

"ड्रॉइंगमध्ये नाही ही वायर, वोफा."

"ड्रॉइंगमध्ये तर मीही नाही रे. मला पण कापतोस का?"

सगळे हसले. मग वोफांनी समजावून सांगितलं. दुमसोरच्या वर्षांत लाइट दिवसभर जायची-यायची, तेव्हा त्यांनी ती जोडली होती. "लाइट गेली तर गेली, त्याचं काही नाही, सगळंच थांबतं. पण नुसती पापणी लवल्यासारखी लवते ना, ती वाईट. निम्मं यंत्र झोपतं, निम्मं जागं राहतं. ही वायर असली की लाइट नुसती लवली तरी म्हातारी उभी राहते. मग मी काठी घेऊन एकेक रोलर खुणेवर आणतो आणि मगच बटण दाबतो."

"त्यात वीस मिनिटं जातात."

"जातात की."

"आता या मोटरींना आपली जागा आपल्याला कळते, वोफा. काठी ठेवून द्या. तुमच्यासाठी खुर्ची मागवतो."

"खुर्ची माग, माझी ना नाही. पण वायर राहू दे. ती काय तुझ्याकडे खायला मागते?"

दुसऱ्या दिवशी मॅडम लाम्प्टी, म्हणजे गिरणीच्या मुख्य, काम बघायला येणार होत्या. एबोला त्यांना दाखवायचं होतं की लाइट जाऊन आली की म्हातारी दोन मिनिटांत पुन्हा छापायला लागते. निळी वायर असेपर्यंत ते होईना. त्याने ती कापली. मॅडमसमोर मुख्य स्विच पाडला, चढवला, आणि दोन मिनिटांच्या आत कापड हललं. तशी चाचणी त्याने आधी चाळीस वेळा केली होती. लाइट पूर्ण घालवून, पूर्ण आणून. पापणी लवल्याएवढी लाइट घालवायचं बटण कुठल्याच पॅनलवर नसतं, म्हणून तेवढी एक चाचणी राहिली. ती आठवलीच नाही, असं त्याला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवली होती. वेळ नव्हता.

त्याने अहवालात लिहिलं, 'नोंद नसलेली जुनी जोडणी काढून टाकली. पुन्हा सुरू होण्याचा वेळ वीस मिनिटांवरून दोन मिनिटांवर.' मॅडमनी ते वाक्य कँटीनमध्ये सगळ्यांपुढे वाचलं. टाळ्या पडल्या. वोफांनीही वाजवल्या. वायर कापल्याचं एबोने त्यांना सांगितलं, पण टाळ्या वाजवून झाल्यावर.

"बरं," एवढंच वोफा म्हणाले.

जूनमध्ये एत्सीकुमाचं काम आलं. एत्सीकुमा म्हणजे वोफांचं आणि एबोच्या आईचं गाव. तिथल्या चॅपलला शंभर वर्षं होत होती आणि गावातल्या लहानथोर सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे घालून रविवारी चॅपलमध्ये यायचं ठरलं होतं. मधोमध चॅपलची घंटा, फिकट पिवळी, भोवती गडद तपकिरी कड, खाली शंभरीचं साल. चॅपलच्या बायका दुसऱ्या कुठल्या गिरणीत गेल्याच नाहीत. आपला क्वाव तिथे असताना कशाला, म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी सव्वातीनला एबो कँटीनमध्ये केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा गोळा, आणि तळलेली मासळी खात होता. शेजारी विक्री विभागाचे दोघे होते, आणि त्यांना तो दोन मिनिटांचीच गोष्ट सांगत होता. तेवढ्यात वरचा पंखा जरासा मंदावला आणि पुन्हा गरगरायला लागला. लाइट लवली होती. थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला.

"एबो, लाइट लवली. म्हातारी थांबली नाही."

"थांबणार नाहीच ती आता."

"मी थांबवू का? एकदा काठी लावून बघतो."

समोरचे दोघे गोष्टीच्या पुढच्या भागाची वाट बघत होते. एबोने घास गिळला. "चालू द्या हो, वोफा. तिला तिची जागा कळते. तुम्ही उगाच वीस मिनिटं घालवाल."

फोनमध्ये म्हातारी धडधडत होती.

"तू म्हणतोस तर बरोबर असेल," वोफा म्हणाले आणि फोन ठेवला.

पाच वाजता पाळी बदलली. नवीन पाळीचा माणूस टेबलापाशी आला, त्याने कापडाची एक घडी उचलली आणि जोरात ओरडून यंत्र बंद केलं. तपकिरी कड पिवळ्या घंटेवरून अर्धं बोट सरकली होती. एका घंटेला दोन कडा दिसत होत्या, एक रंगाची आणि एक कोरी. सव्वातीनपासून पाचपर्यंतचं सगळं कापड तसंच होतं. सव्वीसशे वार. पुन्हा छापून, धुऊन, वाळवून दिलं तर गावाला शिवायला वेळ उरत नव्हता. चॅपलच्या बायका आल्या, कापड बघून एकमेकींकडे बघितलं, आणि तेच घेऊन गेल्या. शंभर वर्षं काही पुढच्या महिन्यात ढकलता येत नाहीत.

शुक्रवारी सगळे जेवायला गेल्यावर एबोने राखाडी कपाट उघडलं. स्विच झर्रकन खाली-वर करून लाइट लववायचा प्रयत्न केला. तिसऱ्या खेपेला जमलं. नव्या मोटरींच्या पोटात थोडा साठा असतो, त्या जोरावर त्या फिरतच राहिल्या. जुन्या कंट्रोलरने तेवढ्यात डोळे मिटले, उघडले, आणि जिथे झोप लागली तिथूनच पुढे मोजायला सुरुवात केली. त्याने पट्टी लावली. अर्धं बोट. वोफांनी सांगितलेलं शब्द न् शब्द त्याच्यासमोर घडलं होतं. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्याने आधी मागे वळून बघितलं आणि मगच कपाट लावून घेतलं.

सोमवारी मॅडमच्या खोलीत तिघेच होते. मॅडम, वोफा आणि एबो. एबोने मनाशी एक ठरवून ठेवलं होतं. वोफा फोनचा विषय काढतील, मग आपण लगेच बोलायचं, काही लपवायचं नाही. चांगला माणूस असल्यासारखं वाटत होतं त्याला ते ठरवताना.

"एसुमान, तुम्ही पावणेदोन तास तिथे उभे होतात," मॅडम म्हणाल्या. "एवढी अर्धं बोट सरकलेली कड. दिसली कशी नाही?"

वोफांनी टोपी मांडीवर ठेवली होती. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "माझे डोळे, मॅडम. रंगाच्या वाफेने हल्ली पाणी येतं. मी आता भरवशाचा राहिलो नाही."

एबो वाट बघत राहिला. वोफा पुढे काहीच बोलले नाहीत. फोन नाही, वायर नाही, त्याचं नाव नाही.

"एबो, यंत्रात काही?"

"मोटरी तपासल्या मी," एबो म्हणाला. "मोटरींत दोष नाही."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. हीच त्यातली घाण होती.

वोफांच्या निवृत्तीला सात महिने होते. मॅडमनी त्यांना त्याच आठवड्यात रजेवर जायला सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, पण सांगितलं. आमच्या गिरणीत निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या दिवशी त्याने छापलेल्या सगळ्यांत सुंदर कापडाचा अख्खा तागा खांद्यावर घालतात आणि मोठ्या फाटकापर्यंत सगळी पाळी टाळ्या वाजवत सोडायला जाते. वोफा बुधवारी बाजूच्या फाटकाने गेले, एकटे, आपली खुणेची काठी घेऊन. वॉचमनने त्यांना अडवलं आणि काठी गिरणीची की तुमची, असं विचारलं. एबो हे वरच्या खिडकीतून बघत होता. चौदा पायऱ्या होत्या, जास्त नव्हत्या. तो खाली गेला नाही.

गुरुवारी त्याने निळी वायर पुन्हा जोडली. चोरी करताना वापरतात तेवढी काळजी घेऊन जोडली, आणि नोंदवहीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. त्यानंतर लाइट लवली की म्हातारी थांबायला लागली. नवीन माणूस कपाळाला हात लावायचा. "इंजिनियर, तुझी ती दोन मिनिटं कुठे गेली रे?" एबो हसायचा. हसून झाल्यावर त्याला स्वतःच्या तोंडाचा राग यायचा.

शंभरीच्या रविवारी तो एत्सीकुमाला गेला. जायचं नव्हतं, पण आईने त्याच कापडाचा शर्ट शिवून ठेवला होता. गिरणीतला मुलगा म्हणून तिने टेलरला खास सांगून घंटा बरोबर छातीवर आणली होती. दोन कडांची.

चॅपल गच्च भरलं होतं. ज्याच्या त्याच्या पाठीवर, पोटावर, डोक्याच्या रुमालावर, पाठीशी बांधलेल्या लेकरांवर, जिकडेतिकडे एबोच्या घंटा. पुढच्या बाकावरच्या दोघी खुसखुसत होत्या.

"आमची घंटा बघ, एकदा वाजवली की दोनदा ऐकू येते."

"शंभर वर्षांची झाली बाई ती. तू तरी या वयात एका जागी उभी राहशील का?"

"एसुमानला विचार. त्याला तर एकही दिसली नाही म्हणे!"

हसू दाबताना बाक हलला. एबोने गुडघे घट्ट दाबून धरले.

मग शास्त्रवाचनाची वेळ झाली आणि एक शाळामास्तर उठला. वाचताना दोनदा अडखळला. एबोने आईकडे पाहिलं. बावीस वर्षं त्या जागी वोफा उभे राहायचे. गावातल्या पोरांना पवित्र शास्त्राचा आवाज म्हणजे वोफांचाच आवाज वाटायचा.

"सोडलं त्याने," आई त्याच्या कानाशी म्हणाली. "डोळे गेले म्हणतो. केप कोस्टला जाऊन चष्मा आणलाय, तरी नको म्हणतो. पुस्तकात एक असेल आणि मी दुसरंच वाचेन, म्हणतो. देवासमोर चूक नको. किती समजावलं सगळ्यांनी!"

वोफा अगदी मागच्या बाकावर बसले होते. जाड काचांचा नवा चष्मा, अंगावर तेच कापड. सगळे बाहेर पडल्यावर ते हळूहळू एबोजवळ आले आणि त्याची कॉलर नीट केली.

"छान बसलाय शर्ट," ते म्हणाले. "म्हातारी कशी आहे?"

"बरी आहे, वोफा."

"चावत नाही ना तुला?"

"नाही."

त्याला बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण एकट्याने, असं उभ्याउभ्या, चॅपलच्या दारात कुणी माफी मागतं का, असं त्याने स्वतःला विचारलं. रीत आहे ना, रीतीने करू. रीतीचा असा आडोसा त्याला आयुष्यात पहिल्यांदा सापडला होता आणि तो त्याच्याआड जाऊन उभा राहिला. परतीच्या त्रोत्रोत, त्या खच्चून भरलेल्या मिनीबसमध्ये, बसल्यावर मात्र प्रश्न उरलाच. बोलायला पुढे कोण होणार? जो होईल त्याला सगळं सांगावं लागतं, काही मागे ठेवून चालत नाही. आणि ज्याला त्याने आजवर काही मागे न ठेवता सगळं सांगितलं होतं, तो माणूस तर पलीकडच्या बाजूला होता.

तेमा येईपर्यंत एकच नाव उरलं. ते नको म्हणून त्याने बाकीची सगळी नावं दोनदोनदा घेऊन पाहिली.

सोमवारी सकाळी तो मॅडम लाम्प्टींच्या खोलीत गेला आणि बसला नाही. वायर सांगितली, चाळीस चाचण्या आणि न केलेली एक्केचाळिसावी सांगितली. फोन सांगितला, शुक्रवार सांगितला. खिडकी आणि वॉचमनही सांगितला.

"चालू द्या, असं म्हणालास?" शेवटी मॅडमनी विचारलं.

"हो."

"आणि मागे इथेच बसून मला मोटरींत दोष नाही म्हणालास."

"नव्हता, मॅडम."

"वर तोंड करून आणखी सांगतोस!" त्यांनी टेबलावर हात आपटला. हातातल्या बांगड्या खणखणल्या. "लाज वाटली नाही?"

"वाटली. रोज वाटते. पण लाज वाटली म्हणून कुणी खोटं बोलायचं थांबत नाही, हे मला आता कळलं."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. तिथून बाजूचं फाटक दिसतं.

"तुझ्यासाठी बोलायला कुणाला नेणार?"

"त्यासाठीच आलोय," एबो म्हणाला. "तुम्ही याल का?"

त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "मी? अरे, त्या माणसाला बाजूच्या फाटकाने मी घालवला. एकतीस वर्षांच्या माणसाला एक प्रश्न विचारला आणि दुसरा विचारायचे कष्ट घेतले नाहीत. माझ्यासाठी बोलायला कोण येणार?" त्या परत टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी जाऊ. माफीची बाटली मी घेते. तुझ्या नोकरीचं काय करायचं ते नंतर बघेन, आत्ता त्याचा सौदा करू नकोस. आणि तो शर्ट घालून ये."

"कुठला?"

"कुठला ते तुला चांगलं माहीत आहे."

शनिवारी दुपारी ते एत्सीकुमाला वोफांच्या अंगणात पोचले. घरचे चारसहा जण बाकांवर बसले होते. वोफांची बायको आंटी एसी हिने आधी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर घरातल्या सर्वांत थोरल्या म्हाताऱ्याने, जणू काही ठाऊकच नाही अशा सुरात, येण्याचं निमित्त विचारलं. एबोने चपला काढल्या आणि मॅडमच्या मागे अनवाणी उभा राहिला. जमीन तापलेली होती.

मॅडमनी जिनची बाटली बाकावर ठेवली. "मी गा जमातीची बाई, तुमच्या रीतीत काही चुकलं तर सांभाळून घ्या," त्या म्हणाल्या. "मी दोघांसाठी बोलायला आले आहे. एक हा माझ्या मागे उभा आहे तो, आणि दुसरी मी स्वतः." मग त्यांनी काही मागे न ठेवता सगळं सांगितलं. शुक्रवारी याला कळलं होतं, हेसुद्धा. मोटरींत दोष नाही, हे त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. बाकांवर कुजबुज झाली. कुणीतरी एबोच्या आईचं नाव घेऊन चुकचुकलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "एसुमान, तुम्ही परत या. सात महिने पुरे करा. मग मोठ्या फाटकाने जा, तागा खांद्यावर घेऊन. तो मी स्वतः घालीन. हे सगळ्या गिरणीपुढे सांगणार आहे, कोणाचं काय चुकलं तेही."

वोफा एबोकडे बघून म्हणाले, "वायर कापलीस ते मला ठाऊक होतं. फोनही मीच केला होता. त्यात नवीन काय? फोनचं मी कुणाला बोललो नाही, कारण कापड डोळ्यांनी बघायचं असतं, फोनने नाही. पण कड लाइट लवल्यानेच सरकली होती, हे तुला सोमवारी माहीत होतं?"

"होतं, वोफा."

"मी डोळे म्हणालो तेव्हा?"

"तेव्हाही."

वोफांनी चष्मा काढला. तो हातात उलटा-सुलटा करून बघितला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"मी पाहिलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"फोन ठेवला आणि टेबलापाशी गेलो. घंटेला दोन कडा दिसल्या. तू तर बरोबर आहे म्हणाला होतास. म्हणून मी डोळे चोळले. पुन्हा बघितलं तर पुन्हा दोन. जाऊन तोंड धुऊन आलो. पुन्हा दोन. पावणेदोन तास मी डोळे धूत होतो, एबो. मला वाटलं, आता संपलं आपलं. एकाचं दोन दिसायला लागलं. पुढे कापडच तसं निघालं, पण तू मोटरींत दोष नाही म्हणालास, तेव्हा सुरुवातीची खूणच मला चुकीची दिसली असणार असं धरून बसलो."

एबोला वाटत होतं की वोफांनी शिवी द्यावी, काठी उगारावी, काहीही करावं. त्याला वाटलं होतं आपण या माणसाची नोकरी घेतली, अब्रू घेतली. डोळेसुद्धा आपणच काढून घेतले होते, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"इकडे ये," वोफा म्हणाले.

तो पुढे गेला. वोफांनी चष्म्याशिवायच त्याच्या छातीवरच्या घंटेवर बोट ठेवलं. "किती कडा आहेत?"

"दोन, वोफा."

"मोठ्याने सांग."

"दोन!"

"एसी, ऐकलंस?" वोफांनी दाराकडे वळून हाक मारली, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. "दोनच आहेत. मी बरोबर बघत होतो."

आंटी एसी दारातच बसली आणि तिने पदरासारखं ते कापड तोंडाला लावलं, दोन कडांचं. थोरल्या म्हाताऱ्याने बाटली उचलून आपल्या बाकाखाली ठेवली, म्हणजे मागणं ऐकलं गेलं होतं. वोफांनी मॅडमशी हात मिळवला. मग कुणालातरी सांगितलं की मास्तरला निरोप द्या, उद्याचं वाचन मी करीन, चष्मा लागणार नाही.

एबोशी त्यांनी हात मिळवला तो सगळ्यांच्या शेवटी, आणि पटकन सोडला. गप्पा सुरू झाल्या, जेवणाचं बघायला बायका आत गेल्या. त्याला चपला घाल असं कुणी म्हटलं नाही, आणि त्यालाही त्या घालाव्याशा वाटल्या नाहीत.